घेतली म्हटल्याशिवाय उठायचं नाही

एसटी फाट्यावर आली तेव्हा आमच्या चर्चचे पाळकसाहेब मला निरोप द्यायला उभे होते. पुण्यात बिबवेवाडीला माझी लेक करुणा राहते. त्या दिवशी तिथल्याच दवाखान्यात तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी जावयाला सांगून ठेवलं होतं, हृदय फार थकलेलं आहे, खात्री देत नाही.

आमच्या मंडळीने पहाटेपासून साखळी धरली होती. साखळी म्हणजे घरोघरच्या माणसाने पाळीने प्रार्थनेला बसायचं. आपली पाळी संपली की पुढच्याला "घ्या" म्हणायचं, आणि त्याने "घेतली" म्हटलेलं कानाने ऐकलं की मगच उठायचं. नियम माझ्या आजाच्या वेळचा आहे. अजून कुणी मोडलेला नाही.

पाळकसाहेब म्हणाले, "बाबा, तुम्ही प्रवासात असणार. तुमची पाळी तुमच्या पुढच्या शांतवनला देऊ का?"

"लेक माझी, पाळी माझी. रत्नाबाईला सांगा, फोनवर द्यायची."

"गाडीत लोक वैतागतील. तुम्ही मोठ्याने करता."

मोठ्यानेच करतो. मनातल्या मनात करायला लागलो की माझं ध्यान विहिरीवरच्या मोटारीकडे जातं.

रत्नाबाई माझ्या आधीच्या पाळीची. वयाने माझ्याएवढी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. उपासनेत माझी प्रार्थना लांबली की ती खोकते, आणि तो खोकला सर्दीचा नसतो हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे.

शिक्रापूरपर्यंत गाडी बरी पळाली. दोन्ही अंगाला ऊस होता. मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं, पण उपास धरलेला, म्हणून ते सोडलं नाही. वाघोलीला मात्र गाडी रुतली. पूर्वी इथे दगडाच्या खाणी दिसायच्या. आता कॉलेजं, उंच इमारती, आणि रस्त्यावर मोटारींच्या ओळी. शेजारी हिंजवडीला निघालेला एक तरुण होता. तो म्हणाला, "आजोबा, हे डेली आहे. निवांत बसा."

निवांत कसला बसतो. दुपार चढली, तिकडे लेकीला आत नेलं असणार, आणि माझी गाडी हलेना. तेवढ्यात फोन वाजला. रत्नाबाई म्हणाली, "करुणासाठी चालू आहे. घ्या."

"घेतली," मी म्हणालो. फोन कानावरून काढला तर काळा पडलेला. चार्जिंग संपलं होतं. तरुणाच्या चार्जरची पिन माझ्या बटणाच्या फोनला बसेना. म्हटलं राहू दे, आणि डोळे मिटून सुरुवात केली.

पुढच्या सीटवरच्या बाईंनी मान वळवली. "अहो काका, आपल्या देवाला कमी ऐकू येतं का?"

"त्याला येतं. दबक्या आवाजाची सवय मला नाही."

"मग आपण खाली उतरून करा. गाडी काही पुढे जात नाहीये."

बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. मी उतरलो. ओळीच्या कडेकडेने, बोलत बोलतच चालत राहिलो आणि पुढच्या चौकात रिक्षा पकडली. रिक्षावाले रफिकभाई पिढीजात पुणेकर, दाढी पांढरी. आडवाटेने बिबवेवाडीला घालतो म्हणाले.

"प्रभू, डॉक्टरांचा हात स्थिर ठेव, तिचा श्वास धर, रस्ता मोकळा कर."

"बाबा, रस्त्याचं मागू नका," रफिकभाई पुढून म्हणाले. "ते आम्ही नगरसेवकाकडे मागून मागून थकलो. लेकीचं तेवढं मागा."

माझी पाळी संपून गेली होती. शांतवनला द्यायची तर फोन बंद, आणि नंबर काही पाठ नाहीत. न देता थांबलो तर साखळी माझ्या हातात तुटली असती, तीसुद्धा तिच्या छातीवर सुरी चालू असताना. मी थांबलो नाही. रफिकभाईंनी वडापाव पुढे केला, मी नको म्हणून मान हलवली. दवाखान्यापाशी उतरवताना ते म्हणाले, "माझी जोहरची, दुपारची नमाज राहिलीय. आता पढतो. पोरीचं नाव काय म्हणालात?"

"करुणा."

ते मान डोलावून गेले.

जावई विलास बाकावर बसला होता. ऑपरेशन चालूच होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. सिक्युरिटीवाला आला. "आजोबा, बोर्ड वाचा. शांतता राखा."

"चौथी शिकलोय, वाचला. तुम्ही आत जाऊन तिला बरी करता का? मग गप्प बसतो."

तो दुसरीकडे बघायला लागला. विलास फोन पुढे करून म्हणाला, "मामा, गावाकडे पाळकांना लावून देऊ? पाळी पुढे द्या. तुमचा घसा गेलाय."

"नको." खरं सांगायचं तर तोवर मला ती सोडायचीच नव्हती. वाटत होतं, मी साखळी धरलीय म्हणून लेक जगतेय.

उन्हं कलली. दार उघडेना. एक नर्स रक्ताची पिशवी घेऊन धावत आत गेली. विलास रडायला लागला, आणि नेमका तेव्हाच माझा आवाज गेला. ओठ हलत होते, घशातून वारा येत होता, शब्द येत नव्हता. मी मटकन खाली बसलो. म्हटलं, तुटली. आपल्या हातात तुटली.

डॉक्टर बाहेर आले. "हृदय चालू झालंय, पण अजून शुद्ध नाही. रात्रभर वाट बघायची."

तेव्हा मात्र मी विलासच्या फोनकडे बोट दाखवलं. त्याने पाळकसाहेबांना लावला, सगळं सांगितलं, आणि ऐकता ऐकता माझ्याकडे बघायला लागला.

"मामा, तुम्ही 'घेतली' म्हणालात ना, ते तिकडे गेलंच नाही. फोन आधीच कट झाला होता. रत्नाबाई अजून उठलेल्या नाहीत. शांतवन घ्यायला गेला, तर म्हणाल्या, मी म्हाताऱ्याला दिलीय, त्याचं उत्तर येईपर्यंत माझ्याकडेच."

दुपारपासून ती त्या गेलेल्या गुडघ्यांवर होती. विलासने माझ्या वतीने 'घेतली' असा निरोप धाडला, तेव्हा कुठे ती उठली. मी बाकावर डोकं टेकलं. त्या रात्री मी आवाजाशिवाय मागितलं. विहिरीवरची मोटार एकदाही आठवली नाही.

सकाळी करुणाने डोळे उघडले. मला बघून तिने ओठांनी विचारलं, जेवलात का? मी गाठोडं सोडलं. भाकरी वाळून पापड झाली होती. चहात बुडवून खाल्ली.

ती आयसीयूतून बाहेर आल्यावर मी परत निघालो. वाघोलीला गाडी पुन्हा अडली. चडफडलो नाही. बसून विचार करत होतो. देव एकदा सांगितलेलं विसरत नाही. मग पुन्हा पुन्हा का मागायचं? मला एवढंच कळतं, की एकाचा आवाज बसतो, एकाचा फोन जातो, आणि तरी कुणीतरी अजून गुडघ्यावर असतं. देवाने माझं ऐकलं, रत्नाबाईचं की रफिकभाईचं, हा वाद मी घालणार नाही. मी, आणि वाद घालणार नाही, हेच गावाला पटायचं नाही.

करुणा घरी येईपर्यंत साखळी चालू ठेवायची असं मंडळीने ठरवलं होतं. एसटीतून उतरलो तो थेट रत्नाबाईच्या दारात गेलो. तिचीच पाळी संपत आली होती. गुडघ्यांखाली उशी, अंगात स्वेटर.

"सलाम," आमच्या मंडळीच्या रिवाजाप्रमाणे मी कसाबसा म्हणालो.

"सलाम. आवाज बसला म्हणतात. मंडळीला तेवढीच विश्रांती." मग ती डोळे न उघडताच म्हणाली, "घ्या."

"घेतली."

"ऐकू आलं नाही. परत म्हणा."

मी परत म्हणालो.