पिठाच्या डब्यातलं कार्ड

फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. "मावशी गेली," एवढंच डॉक्टरबाईंची भाची म्हणाली. मी 'बरं' म्हटलं आणि उरलेली ज्वारी निवडून टाकली. आता दीड महिना होईल... रडू अजून नीट आलेलं नाही, थकवा मात्र उठल्यापासून असतो.

डॉक्टर वसुधाबाई गेवराईकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात आल्या तेव्हा मी तिथं सिस्टर होते. गरोदर बायकांना तपासून आम्ही कार्डावर रक्तदाब, रक्ताचं प्रमाण लिहायचो आणि दसरा झाला की त्याच बायका टोळीबरोबर ऊसतोडीला निघून जायच्या. "कार्ड जपून ठेव," बाई प्रत्येकीला सांगायच्या. मला शहाणपण सुचलं. मी वर म्हणायचे, "देवापाशी ठेव गं, हरवायचं नाही." बायकांनी ऐकलं. कार्ड देवापाशी ठेवलं, घराला कुलूप लावलं आणि उसाच्या फडावर गेल्या.

तलवाड्याची मंगल त्यातलीच. तिचा रक्तदाब वाढलेला होता, तो कार्डावर लिहिलेला होता आणि कार्ड गावात होतं. फडावर तिला झटके आले. तिकडच्या दवाखान्यात कुणाला काही सांगता आलं नाही. मंगल गेली, बाळही गेलं. पुढं तिची सासू कार्ड घेऊन आली. "लई जपलं व्हतं तिनं. सिस्टर म्हनल्या म्हून देवापाशी ठिवलं व्हतं..." मी मान खाली घातली. बाई लगेच म्हणाल्या, "चूक माझी हाय, आजी." बाईंना सगळं कळलं होतं. पण त्यांनी जन्मात एकदाही मला ते बोलून दाखवलं नाही.

पुढच्या दसऱ्यानंतर बाई टोळीच्या ट्रकपाशीच जाऊन उभ्या राहिल्या. बायका काय नेतात, काय मागं ठेवतात, बघत राहिल्या. बाकी काही मागं राहील, पिठाचा डबा राहत नाही. मग दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड त्या स्वतःच्या हातानं पिठात खोचायला लागल्या. मुकादम वैतागायचा, "बाई, गाडी काहून थांबवली?" "थांब की. ऊस कुठं पळून जातो का?" वर्षानुवर्षं हेच. उन्हात, धुरळ्यात, पाय सुजेपर्यंत. एकदा एक जण तान्हं घेऊन परतली नि हसत म्हणाली, "पीठ काढलं की कार्ड हाताला लागायचं, बाई. मंग तपासाया जावंच लागायचं." बाई हसल्या नाहीत. मला तेव्हा नवल वाटलं होतं.

परवा भाचीबरोबर बाईंचं स्वयंपाकघर आवरलं. पिठाचा डबा रिकामा करताना दुधाची पिशवी हाताला लागली. "ते कायम असायचं त्यात," भाची म्हणाली, "मावशी काढू द्यायची नाही." आत मंगलचं कार्ड होतं. म्हणजे इतकी वर्षं रोज, भाकरीला पीठ घेताना...

मी ते घरी आणलं. भाचीला काही सांगितलं नाही. आता ते माझ्या पिठात आहे.