एकशे सहा भागाकार

बाबांनी पोलादाच्या प्लांटमध्ये, रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये तीस वर्षं तयार रूळ तपासले. रिटायर झाल्यावर तपासायला उरलं दूधवाल्याचं माप आणि मी.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. जुनवानीच्या घरात एका दुपारी त्यांना गंमत दाखवली. नऊ वेळा एक लिहून नऊनं भागलं की १२३४५६७९ येतं. बाबांनी चष्मा लावला.

"यातला आठ कुठं गेला?"

"येतच नाही तो."

"कावून येत नाई?"

त्यांनी स्वतः भागून पाहिलं. आठ नव्हता. माझ्याकडे मात्र असं बघितलं, जसा काही मीच काढून घेतला होता.

मी पुढे सांगितलं, की ही संख्या म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७. आणि ३३३६६७ मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून कशानंही तिला भाग जात नाही.

"कोन म्हनते?"

"मोबाईलवर पाहिलं."

"अन् मोबाईलले कोनं तपासलं?"

मी वैतागले. म्हटलं, मग ५७७पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघा. एकशे सहा आहेत.

"त्याच्या पुढं कावून नाई? मले येडं समजून राहिली का?"

"पुढच्या संख्येनं भाग गेला, तर उत्तर ५७७च्या आत येईल, बाबा. म्हणजे ते आधीच सापडलं असतं."

हेही त्यांनी आधी ९१वर ताडून पाहिलं; तेरानं भागलं, तर उत्तर लहानच आलं, सात. मग माझ्या जुन्या वहीत भागाकार मांडायला बसले.

चौथ्या दिवशी ते बैठकीतून ओरडले, "फुटला! एकशे त्रेसष्टनं पुरा भाग गेला!"

मोबाईल चुकला? का मीच काही भलतं वाचलं? वही घेतली आणि आकड्यांवर बोट ठेवत गेले. बाबा दर वेळी संख्या नव्यानं लिहायचे. त्यांचा इंग्रजी सात एकासारखा दिसायचा, आणि इथे त्यांनी तो एकच समजून उतरवला होता. भाग गेला होता तो ३३३६६१ला.

मी दाखवल्यावर त्यांनी तो आकडा निरखून पाहिला. मग आधीच्या सदतीस भागाकारांवर रेघ मारली.

"ते तर बरोबर असतील," मी म्हटलं.

"असतील म्हनून नाई चालत."

पुन्हा दोनपासून सुरुवात. शेवटी ५७७नं भागून बाकी उरली १६१. बाबांनी खाली सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. तपासणीला दुसऱ्याची सही लागतेच म्हणाले.

मी पाच-सहा पानं चाळली आणि सही केली.

"सगळे पाह्यले?"

"हो."

ते नुसते बघत राहिले. ती नजर मला सोसली नाही. दुसऱ्या दिवशी ते पावर हाउस भागातल्या बाजाराला गेल्यावर मी वही उघडली, आणि उरलेले सगळे भागाकार एकेक करून तपासले. चूक एकही नव्हती.