पाणी बघ रे, झिला

कोणाबद्दल लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपरांपलीकडे काही लिहिलेलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना विचारलेलंही नाही. म्हणून आधीच माफी मागतो.

चंदीगडच्या मनीमाजऱ्यात आम्ही एकाच गच्चीवर राहायचो. मी एका खोलीत, समोरच्या दोन खोल्यांत मावशी आणि त्यांचा मुलगा. मुलगा केंद्र सरकारच्या ऑफिसात, बदलीवर आलेला. मी काकांबरोबर आलो होतो. फौजेतल्या काकांची बदली झाली, मी शिकायला मागे राहिलो. हिवाळ्यात रोज सकाळी माझं दार वाजायचं. बाहेर मावशी, हातात स्टीलची बादली.

"पाणी बघ रे, झिला. माझो हात खोटा सांगता."

त्यांच्या बोलीत झिला म्हणजे मुलगा. मी बोट बुडवायचो. "चालेल" म्हटलं की त्या उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात सोडायच्या आणि डोळे मिटायच्या.

एकदा मी म्हटलं, "डाव्या हाताने बघा की."

"डावो भित्रो आसा. कोमट पाण्याकव ओरडता."

मला वाटतं, मुलगा ऑफिसला गेल्यावर त्यांना मराठीत बोलायला कोणी नसायचं. बादली हे निमित्त असावं. तुम्हीही अशी निमित्तं पाहिली असतील.

तीन वर्षांपूर्वी सिंधुदुर्गात, गावच्या किनाऱ्यावर जाळ्यातली मासळी निवडताना त्यांच्या तळहातात पाकटाचा काटा घुसला होता. मी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे पाकट म्हणजे काय ते त्यांनीच सांगितलं. सुपासारखा चपटा मासा, चाबकासारखं शेपूट आणि शेपटावर दोन्हीकडून दाते असलेला विषारी काटा. त्यांच्याकडे पाकट लागलं की सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात धरून बसतात. त्याने कळ उतरते. मावशींचीही उतरली. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली ती तशीच राहिली. चंदीगडच्या थंडीत हात सुजायचा, अंगठ्याच्या बुडाशी एक छिद्र उघडायचं, थोडा पू यायचा, पुन्हा मिटायचं. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी उकळतं पाणी हातावर ओतून घेतलं आणि फोड आल्यावर त्यांना ते कळलं.

मटार सोलताना तो हात मांडीवर पडलेला असायचा, जणू शेजारणीने थोडा वेळ सांभाळायला दिलेलं मूल.

घरमालकीण आंटी शुद्ध शाकाहारी. खोली देताना त्यांनी एकच विचारलं होतं, "अंडा-मछली तो नहीं?" मुलगा "नहीं जी" म्हणाला होता. मासळीचं नाव निघालं तर खोली जाईल, ही त्या घरातली रोजची भीती होती. तरी मावशींनी गावाहून सुकट आणलेली होती. डब्यात डबा, त्याच्या आत डबा. एकदा वास खाली गेला आणि आंटी वर आल्या.

"माँजी, ये क्या है?"

"दवा आसा," मावशी त्यांच्या हिंदीत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आंटींनी वाटी पाठवली. त्यांच्या गुडघ्यालाही थोडी दवा हवी होती. मावशींनी वाटीभर ओवा दिला. आंटींचा गुडघा म्हणे बरा झाला. मावशी दोन दिवस पदराआड हसत होत्या.

जानेवारीत हात जास्त सुजला. मुलाला रजा मिळेना, म्हणून हिंदी बोलायला मी बरोबर गेलो. आंटीही आल्या. दवाखान्यात त्यांची ओळख होती, आणि माँजींना एकटं कसं पाठवायचं, असं त्यांना वाटलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला. "क्या चुभा था?"

मावशींनी आंटींकडे पाहिलं. आंटी त्यांची शाल सांभाळत शेजारीच उभ्या होत्या. मावशी मला हळूच म्हणाल्या, "खिळो सांग."

"कील, सर," मी म्हणालो. मग वाटलं, सांगायचं तर नीट सांगावं. "लोहे की."

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून मलाही दाखवला. "लोहा होता तो साफ़ दिखता. अंदर कुछ नहीं है, माँजी." त्यांनी नसांच्या गोळ्या लिहून दिल्या. परत येताना आंटींनी मावशींना लोकरी हातमोजे घेतले.

दोन दिवसांनी मी एकटा पुन्हा तिथे गेलो होतो. डॉक्टरांना खरं सांगणार होतो. माझ्या पुढे चार जण होते. क्लासची वेळ झाली, असं स्वतःला सांगून मी सेक्टर ३४ ला निघून आलो. त्या दिवशी क्लास नव्हता.

होळीनंतर मावशी गावी गेल्या. बोटं काळी पडत चालली होती. जाताना त्यांनी बादली माझ्या दाराशी ठेवली. "तुका लागात," म्हणाल्या.

परवा त्यांचा मुलगा गावाहून परतला. जिन्यातच थांबला, हेल्मेट हातात तसंच. तिकडच्या डॉक्टरांनी हात पाहिल्याबरोबर विचारलं होतं, "पाकट काय?" ऑपरेशनमध्ये काट्याचा तुकडा निघाला. नखाएवढा, दोन्हीकडून दाते असलेला. पण हाड सडलं होतं. दोन बोटं काढावी लागली.

काय वाटायला हवं होतं, ते मला कळत नव्हतं.

"आईने निरोप दिलाय तुला," तो म्हणाला. "तिच्याच शब्दांत सांगतो. 'झिलाक सांग, खिळो सांग म्हणान मीच सांगितलंय.'"

मी मान हलवली. खिळा त्यांनी सांगितला होता, हे खरं.

लोखंडाचा, असं त्यांनी सांगितलं नव्हतं.