ताटाखालचं पाणी

रविवारी अकराच्या सुमारास जेटीजवळची ती परमिट रूम गजबजायची. तळलेल्या सुरमईच्या धुरात माणसं तरंगत असल्यासारखी दिसत. कोपऱ्यातले काका ताट येण्याआधी टेबलावरच्या कापडावर पाणी शिंपडायचे. बिअरपुढे ही कसली चित्राहुती? एकदा मी विचारलंच.

"चित्राहुती नाय रे," ते डोळे मिटून म्हणाले, "बोट हलली की सुक्या कापडावरनं ताट घसरतं."

जहाजावरची नोकरी सोडून त्यांना कैक वर्षं झाली होती. मालक हसायचा, "काका, जमिनीवर आहात!" ते ग्लास धरून मंद डुलत राहायचे.

मी जहाजावर रुजू होणार, हे त्यांना आदल्या रविवारी सांगितलं. माझं ताट येताना दिसलं, तसे काका उठून आले आणि माझ्यापुढचं कापड भिजवू लागले.