अर्धवेळचा गोलकीपर

शाल त्यांनी माझ्या खांद्यावर घातली नाही. टाकली. दोन बोटांनी. दुसऱ्या हातात रुमाल, तो नाकाला.

फुटबॉल क्लबचे अध्यक्ष ते. आंब्याच्या कलमांचे मालक, गावात त्यांचा शब्द चालतो. मी मासे विकणारी, क्लबच्या जर्सी धुणारी. माझा झील, माझा पोरगा, त्यांचा गोलकीपर. तो समुद्रात बुडून गेला म्हणून माझा सत्कार. फोटो निघाला तसे म्हणाले, "आता थंय चपलांकडे बस गो. वास येता."

मी बसले. खोटं कशाला सांगू, बसले. तेव्हा माझ्यात काही उरलंच नव्हतं.

झील पहाटे होडीवर जायचा, संध्याकाळी गोलात उभा राहायचा. त्या दिवशी मॅच कुडाळला होती. जिंकून आला, ताटावरच डुलक्या घेत जेवला, आणि उजाडायच्या आधी परत होडीवर. होडीचा तांडेल सांगत होता, जाळं ओढताना त्याचे डोळे मिटत होते. तोल गेला. एवढंच. हाती काही लागलं नाही, देहसुद्धा नाही.

त्याची एक नंबरची जर्सी आता दुसऱ्या पोराच्या अंगात असते. धुते मात्र मीच. वाळत घातली की खाऱ्या वाऱ्याने फुगते, बाह्या भरतात. मी तिच्याकडे पाठ करून बसते. वाटतं, आता म्हणेल, "आये, जेवक वाढ." भात अजून दोघांचाच शिजतो माझ्याकडे, काय करू.

गेल्या आठवड्यात सभा झाली. क्लब पूर्णवेळ करायचा की नाही? म्हणजे पोरांना पगार, होडी बंद, फक्त खेळायचं. पैसे घालायला एक कंपनी तयार होती. कंपनी आली की अध्यक्षांची खुर्ची जाणार, हे सगळ्यांना ठाऊक.

अध्यक्ष उठले. "आपला क्लब हौशी आहे. आपली मुलं पहाटे जाळं ओढतात, संध्याकाळी खेळतात, हीच आपली शान. एकाने तर खेळासाठी जीव दिला." आणि बोट माझ्याकडे. टाळ्या.

मी चपलांकडूनच बोलले. "खेळासाठी नाय. माझो झील झोपेन मेलो."

टाळ्या थांबल्या.

"रापणीचा जाळा किनाऱ्यार सगळो गाव वडता. जो दोरयेक हात लावता, त्येका वाटो मिळता. ह्या पोरांचो वाटो खंय?"

ते हसले. "ही रापण न्हय गो. तू आपल्यो जर्स्यो धू."

शेजारी बसलेला तांडेल पुटपुटला, "काकी, गप रव. उद्या मासळी कोण घेईत तुझी?"

मी उठले. चपला ओलांडल्या, मधून चालत गेले. वास आला माझ्याबरोबर. अध्यक्षांचा रुमाल बाहेर निघाला. धुवायला दिलेलं मळक्या जर्सींचं गाठोडं काखेत होतं, ते त्यांच्या टेबलावर ठेवलं. "आता तुमी धुवा. एक नंबर माझ्याकडे आसा. ता तुमका मिळाचा नाय."

रविवारी मॅच आहे. लुगड्यावर ती जर्सी घालून मी गोलात उभी राहणार. पोरांचा वाटा ठरेपर्यंत तिथून हलणार नाही.

मला काढायचं तर हात लावावा लागेल. दोन बोटांनी नाही जमणार.