वजन मोठ्यानं सांगायची पद्धत

आमच्या भिवंडीच्या दवाखान्यात मंगळवारी गरोदर बायकांची तपासणी असते. दोन रांगा, दोन काटे. एका काट्यावर मी, दुसऱ्यावर माझ्याबरोबरची सडपातळ सिस्टर. वजन बघायचं आणि ओरडून सांगायचं. हॉलच्या टोकाला बसलेली मुलगी ते कार्डावर लिहिणार. वर्षानुवर्षं हेच चाललेलं, कुणाला खटकलं नाही. मला तर नाहीच.

जाड बाई काट्यावर चढली की माझी जीभ जरा जास्तच चालायची. शेलार गावाहून एक पहिलटकरीण आली तेव्हा मी ओरडले, "ब्याण्णव!" आणि वर म्हटलं, "दोघांचं खा म्हटलं होतं, अख्ख्या गावाचं नव्हे." रांग हसली. तीही हसली, म्हणून मी विसरून गेले.

खरं सांगते, माझं वजन तिच्याहून जास्त आहे. वर्षभरात युनिफॉर्म दोनदा उसवून सैल करून घेतला. स्टाफच्या तपासणीत माझा आकडा मीच लिहिते, दहा किलो कमी करून. ड्युटीवरून पाय ठणकत घरी जाते, समोर येईल ते खाते आणि आडवी होते. आणि माझ्यासारखी बाई समोर आली की राग मात्र तिचा यायचा.

पुढच्या दोन तपासण्यांना ती आलीच नाही. मग तिच्या गावच्या आशाताईंनी तिला जवळजवळ ओढूनच आणलं. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, बीपी एकशे सत्तर. डॉक्टरांनी लगेच ठाण्याला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिकेची वाट बघत मी तिच्याजवळ बसले आणि सवयीनं खेकसले, "इतके दिवस होतीस कुठे? बाळाच्या जिवाशी खेळ आहे हा!"

"लाज वाटली, सिस्टर," ती म्हणाली. "रांगा दोन व्हत्या. तुम्ही माझ्यासारख्याच अंगानं, म्हनून तुमच्या रांगेत उभी रायलेली."

कशेळीच्या ट्रॅफिकमधून रुग्णवाहिका निघाली की नाही, ते विचारायला मी ड्रायव्हरला फोन करत राहिले.

बाळ लवकर आलं, इवलंसं, पण दोघं वाचली. आता मी वजन स्वतःच कार्डावर लिहिते, गुपचूप. वेळ लागतो, रांग कुरकुरते. परवा ती बाळाला लस द्यायला आली. लसीच्या दिवशीही आम्हा दोघी सिस्टरांच्या दोन रांगा असतात. माझ्या रांगेत दोनच बायका होत्या. ती जाऊन दुसऱ्या रांगेच्या शेवटी उभी राहिली.