दुसऱ्या भागासाठी राखलेली मिशी

मिशीच्या टोकाला चिमूट लावत ते म्हणायचे, "अजून 'नाही' म्हणालेले नाहीत."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो. होते सॉफ्टवेअर टेस्टर, मूळचे नागपूरचे, राहायला डब्लिनजवळ डून लेरीला. हौशी नाटकांतून ते एका आयरिश विनोदी मालिकेत शिरले होते. काम काय, तर गावच्या पबमध्ये येणारा भारतीय डॉक्टर. दार उघडायचं, भलत्या वेळी एक वाक्य बोलायचं, लोकांनी हसायचं. पात्राला नावसुद्धा नव्हतं. डार्टच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, डब्यात पोरं ओरडायची, "हाय, डॉक!" ते खुशीत हात वर करायचे.

मी चळवळीतल्या घरात पत्रकांच्या घड्या घालत वाढलेली. इथे शिकायला आले होते, आणि मला संताप यायचा. "त्यांना हसायला एक परका माणूस हवाय, आणि तुम्ही हौसेनं जाता!"

"कॉम्रेड, आधी चहा घ्या. दारातून आत तर जाऊ द्या. मग घर आपलंच."

आणि २०१५ मध्ये खरंच त्या पात्राच्या घरावर वेगळी मालिका काढायचं ठरलं. नमुन्याचा पहिला भाग चित्रित झाला. पात्राला नाव मिळालं, बायको मिळाली. शिवाय त्यांनी भांडून एक मराठी वाक्य घालून घेतलं. फोनवर तो विचारतो, "आई, जेवलीस का?" त्या वाक्यावर कुणी हसणार नव्हतं. मीसुद्धा वाट पाहू लागले.

वाहिनीवाले म्हणाले, "ग्रँड! कळवतो." इथे 'बरं', 'चालेल', 'काही हरकत नाही', सगळ्याला ग्रँडच.

कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणणाऱ्यांचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. डॉक्टरांची बायको, आमच्या वहिनी, तसं बोलल्याही. पण डॉक्टरांनी पेढे वाटले, नोकरी सोडली. दुसऱ्या भागाची गोष्ट पहिल्याच्याच संध्याकाळी सुरू होणार होती, म्हणून चेहरा तोच हवा. केस तेवढेच, मिशी तेवढीच. गणपतीत मोदकाला हात लावायचे नाहीत. "गाल सुटले तर सांधा दिसेल!" घर वहिनींच्या पगारावर चाललं. वर्षं गेली.

मग नागपुरात डॉक्टरांचे वडील वारले. बातमी आली तेव्हा मी डॉक्टरांच्या घरीच होते. वहिनी बॅग भरत होत्या, फोनवर थोरले भाऊ होते. "दहाव्याच्या आत पोच. अन् डोकं, मिशी, सारं काढा लागते, माहीत आहे ना तुले?"

फोन ठेवून डॉक्टर म्हणाले, "एकदा विचारून घेतो."

"कुणाला?" वहिनी उसळल्या. "बाप गेला तर मिशी उतरवायला परवानगी?"

त्यांनी निर्मातीला फोन लावलाच. "सॉरी फॉर युअर ट्रबल," ती मनापासून म्हणाली. मयताला इथे असंच म्हणतात. मग त्यांनी मिशीचं सांगितलं. तिला उमगेना.

"कुठला दुसरा भाग? ते तर त्याच हिवाळ्यात बंद झालं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही, नाही. ग्रँड. इट्स ग्रँड," ते तिलाच धीर देत म्हणाले.

घरी जाऊन मी पत्रक लिहायला बसले. नकार देण्याइतकीही किंमत न देणाऱ्यांविरुद्ध. दोन ओळींपुढे गेलं नाही.

नागपूरहून ते परतले ते फक्त इथलं बिऱ्हाड गुंडाळायला. जाण्याआधी एकदा डार्टमध्ये भेटले. डोकं तासलेलं, ओठ उघडा. समोर पोरं बसली होती. एकानंही ओळखलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आई कशा आहेत?"

"रोज फोन करून विचारतो, जेवलीस का. ती काही बोलतच नाही."

चिमूट सवयीनं ओठावर गेली आणि तशीच राहिली.